एकसष्ट पेशंट, दोन सिस्टर

मंगळवार, ५ मार्च

वॉर्डच्या रिपोर्ट बुकात लिहिता येतं तेवढं लिहून आले. उरलेलं कुठेतरी ठेवायला हवं, म्हणून ही वही.

आमचा पुरुषांचा मेडिकल वॉर्ड. खाटा चाळीस, आज पेशंट एकसष्ट. ज्यांना खाट नाही ते दोन खाटांच्या मधे गादीवर. सकाळच्या पाळीला सिस्टर दोनच, इनचार्ज मी आणि हाताखाली बारकी. बारकी म्हणजे चार महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. अंगाने काडी, म्हणून मामांनी ठेवलेलं नाव. मामा आमच्या वॉर्डाचे शिपाई. ते तेव्हा ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला खाली गेले होते.

सव्वाअकराला नऊ नंबरचं हृदय थांबलं. मी छाती दाबत होते, बारकी तोंडावर मास्क धरून फुगा दाबत होती. तेवढ्यात सतरा नंबरवरून हाक आली, "सिस्टर, जरा बाथरूमला न्या." हे लेथवाले काका. आयुष्य लेथ मशीनवर गेलं, ऐकायला कमी येतं, त्यामुळे बोलतात ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जातं. मी ओरडले, "थांबा काका, आलेच." आणखी एकदा हाक आली. तिसरी आली नाही. धप्पकन आवाज आला.

नऊ नंबर वाचला. काकांचा खुबा मोडला.

रिपोर्टमध्ये लिहिलं: त्या वेळी वॉर्डात पेशंट ६१, सिस्टर २. दोघी खाट नं. ९ वर. खाट नं. १७ ने दोनदा मदत मागितली. जायला कुणी नव्हतं.

बारकी दोनला ड्युटी संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडली. मी दार वाजवून सांगितलं, रडायला पगार मिळत नाही, पुढच्या पाळीला चार्ज देऊन मग रड. दिला तिने. पोरगी टिकेल असं वाटतं.

बुधवार, ६ मार्च

साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे हॉस्पिटलचे अधीक्षक. टेबलावर रिपोर्ट बुक उघडंच होतं.

"सिस्टर, हे पान जरा नीट लिहून आणा."

"अक्षर लागत नाही का साहेब?"

"अक्षर लागतंय, म्हणूनच म्हणतोय. पेशंट सूचना न पाळता स्वतःहून उठला, असं लिहा. मग कुणाच्याच अंगाशी येत नाही."

"त्याच्या अंगाशी आलंय साहेब. खुबा मोडलाय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही कधी तक्रार केली नाहीत, कमी माणसांत वॉर्ड सांभाळलात, मी सगळीकडे तुमचं उदाहरण देतो. आता अचानक काय झालं?

मी म्हटलं, पान बदलणार नाही. हवं तर फाडा, पण पानांवर नंबर छापलेत. एक कमी झालं की लगेच दिसतं.

बाहेर आले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठाला पहिल्यांदा नाही म्हटलं. घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "उशीरच झाला जरा." यांना काय म्हणायचं असतं ते कधी कळत नाही.

शनिवार, ९ मार्च

कारणे दाखवा नोटीस आली. हॉस्पिटलची बदनामी होईल असं लेखन. सात दिवसांत खुलासा.

वर मेट्रननी सगळ्या वॉर्डासमोर झापलं. मेट्रनबाईंना आम्ही सगळ्या बर्फाची लादी म्हणतो. साडीला सुरकुती नाही, चेहऱ्याला त्याहून नाही. "फार लिहायची हौस आहे ना तुम्हाला? मग रोज लिहा. प्रत्येक पाळीला पेशंट किती, सिस्टर किती, कुठलं काम राहिलं, किती वाजता राहिलं. वेळ घालून, सही करून रोज एक प्रत माझ्या टेबलावर पाहिजे. एक दिवस चुकलात तर बघा."

म्हणजे नर्सिंग करायचं आणि वर लेखनिकाचं कामही. शिक्षा द्यावी तर बर्फाच्या लादीने. पण मीही हट्टाला पेटले. लिहीन. इतकं लिहीन की टेबल कमी पडेल.

गुरुवार, १४ मार्च

काकांचं ऑपरेशन झालं. त्यांची बायको वऱ्हांड्यात थांबली होती. बाई शिवणकाम करतात, बोटांवर सुईचे डाग. मला म्हणाल्या, "एकच विचारते. त्यांनी हाक मारली होती, ती तुम्ही ऐकली होती का?"

नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता.

"ऐकली होती. दोन्ही वेळा."

"मग?"

"दुसरा माणूस मरत होता. हात सोडले असते तर तो गेला असता."

त्यांनी बोटावरचा डाग अंगठ्याने घासला. म्हणाल्या, "तुमच्यावर ओरडायचं ठरवून आले होते. पण ओरडू कुणावर? तुम्ही तर दोनच होतात."

त्यांनी तक्रार अर्ज लिहून दिला. माझ्याविरुद्ध नाही, माणसं का भरत नाही म्हणून. साहेबांना वाटतंय अर्ज मी लिहून घेतला. मी लिहिला असता तर एवढा चांगला जमला नसता.

मंगळवार, १९ मार्च

खुलासा दिला होता, त्यावर बैठक झाली. साहेब म्हणाले, "माणसं भरत नाही म्हणता? तुमच्या वॉर्डाला अठरा पदं मंजूर आहेत, भरलेली सात. अकरा जागांसाठी तीनदा जाहिरात दिली. दोघी आल्या. एक अकराव्या दिवशी पळाली. येतच नाही कुणी. मी काय झाडावरून पाडून आणू सिस्टर?"

विचार न करताच तोंडातून गेलं, "मी आणते."

"आणा की! किती आणता बघू या."

मेट्रन फायलीत बघत म्हणाल्या, "सोडून गेलेल्यांचे पत्ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. तुम्हाला सापडायचे नाहीत म्हणा." टोमणाच. पण सापडले. सहा वर्षांत आमच्या वॉर्डातून तेराजणी सोडून गेल्या. सगळ्या शिकलेल्या, हात चांगले असलेल्या. ह्याच गावात राहतात आणि दुसरं काहीबाही करतात.

मला कळत नाही, सोडतात कशा? आमच्या वेळी ताप अंगावर काढून ड्युट्या केल्या. आता जरा काही झालं की राजीनामा. थोडं धीराने घ्यायला शिकवलं तर टिकतात माणसं. आमच्या धाकटीचंच घ्या. धाकटी म्हणजे माझी जाऊ, वरच्या मजल्यावर राहते, माझ्याच हाताखाली सिस्टर होती. एकदा वॉर्डात चक्कर येऊन पडली तर पाच मिनिटांत तिला उभी करून कामाला लावली होती मी. पुढे मुलगी लहान म्हणून तिने नोकरी सोडली, ती गोष्ट वेगळी.

रविवार, २४ मार्च

ऑफ होता. चार घरं केली.

पहिली विमा कंपनीत फोन उचलते. म्हणाली, तिकडे फोनवर लोक शिव्या देतात, पण सहाला घरी जाता येतं. दुसरी केकची ऑर्डर घेते. बोलताना हात पुसत होती आणि पुसतच राहिली. तिसरीने सांगितलं, ड्युटी कधी बदलेल याचा भरवसा नाही, मुलाला शाळेतून कोण आणणार? मी म्हटलं, आमच्या वेळी शेजारीपाजारी आणायचे. ती म्हणाली, "हो सिस्टर." म्हणाली तशी नीट, पण पुढे बोललीच नाही. चौथी खिडकीत दिसली होती, दार मात्र तिच्या सासूने उघडलं आणि घरात नाही म्हणून सांगितलं.

सगळ्या माझ्याशी बोलताना उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसेनात. वळण चांगलं आहे पोरींना, तेवढं मात्र मी लावलेलं.

रविवार, ३१ मार्च

आज आणखी पाच घरं. एकही हो नाही.

चारच्या सुमारास गच्चीवर गेले. धाकटी कपडे काढत होती. मी म्हटलं, तुमच्या पिढीला झालंय तरी काय? नऊ घरं केली. कुणाला मूल, कुणाला सासू, कुणाला पाठ. कारणं तयारच.

तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. घडी घालता घालता म्हणाली, "ताई, तुमच्या यादीत माझं नाव कितवं?"

"तुझं कशाला? तू मुलीसाठी सोडलीस."

"असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मी कधी सांगितलं?"

मी चादरीचं टोक टोकाला जुळवलं.

"तीन दिवस डबल ड्युटी झाली होती माझी," ती म्हणाली. "चक्कर आली. तुम्ही तोंडावर पाणी मारलंत, इंजेक्शनची ट्रॉली हातात दिलीत आणि सगळ्या वॉर्डासमोर म्हणालात, नाटकं घरी करायची."

"पाच मिनिटांत उभी केली होती तुला."

"हो. आणि सहाव्या मिनिटाला मी ठरवलं, आता नाटकं घरीच करायची."

ती चिडून बोलत नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, मलाही चिडता आलं असतं. चादर माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही वाईट नाही ताई. पेशंटसाठी जीव टाकता, मी बघितलंय. पण तुम्ही एकट्या आठजणींचं काम ओढता आणि आम्हीही तसंच ओढावं म्हणता. साहेबांना तुमच्यासारखी माणसं फार सोयीची. माणसं भरायला नकोत, तुम्ही आहातच. त्यातली एक तरी तुमच्यासमोर बसली का?"

"नाही."

"बसणार नाहीत."

खाली आले. ह्यांनी विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

सोमवार, १ एप्रिल

धाकटीशी बोलले नाही. ह्यांनी चहा दिला तो प्यायले. यादीत चौदावं नाव लिहिलं.

बुधवार, ३ एप्रिल

बारकीने सलाइनची बाटली हातातून पाडली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग विचारलं, "जेवलीस का ग?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सिस्टर, माझं काय चुकलं?"

जेवलीस का विचारल्यावर पोरगी घाबरते. हे मी केलंय. सत्तावीस वर्षं मला वाटत होतं मी वॉर्ड चालवते.

पण म्हणून साहेब सुटत नाहीत. माझी जीभ तिखट, हे कबूल. पदं रिकामी ठेवून सगळं ठीक आहे म्हणणारी जीभ माझी नव्हती. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या असू शकतात.

शुक्रवार, ५ एप्रिल

धाकटीचं दार वाजवलं. माफी मागायची होती, तोंडातून निघालं, "उद्या माझ्याबरोबर येशील का? मी बोलणार नाही, तू बोल. मी लिहून घेईन."

"तुम्ही बोलणार नाही?"

"नाही."

"उद्या दुपारी मी मोकळी आहे," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

रविवार, ७ एप्रिल

दोन दिवसांत तेरा घरं. आज खिडकीतली बाईसुद्धा बाहेर आली आणि बसली. धाकटी विचारत होती, मी शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून लिहीत होते.

त्यांचं म्हणणं सगळीकडे थोड्याफार फरकाने एकच. ड्युटी महिनाभर आधी लावा आणि फोनवरून बदलू नका. पूर्ण पाळी जमत नाही, पण चार तास रोज जमतील, घ्यायचे तर तसे घ्या. कपडे बदलायला खोली द्या, आतून कडी लागेल अशी. अडगळीत पेशंटच्या नातेवाइकांसमोर साडी बदलायला लावू नका. पेशंटसमोर कुणी ओरडायचं नाही, डॉक्टरांनीही नाही.

शेवटचं घर केकवालीचं. धाकटी तिच्याशी हळू आवाजात बोलली आणि मला म्हणाली, झालं, चला. मी म्हटलं, काय म्हणाली ते सांग. सांगेना. मग केकवालीच म्हणाली, माझ्याकडे न बघता, "ड्युटी तुम्ही लावणार नसाल तर येईन."

"बाकीच्याही हेच म्हणाल्या का?" मी धाकटीला विचारलं.

"सगळ्या नाही."

"किती?"

"चौघी."

तेही लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलंय.

गुरुवार, ११ एप्रिल

धाकटी धरून सहाजणी तयार. कागद साहेबांकडे नेला. न वाचताच म्हणाले, "चार तासांची नर्स? असं नियमात नाही."

मेट्रन तिथेच होत्या. बाहेर आल्यावर माझ्या अंगावर खेकसल्या, "नियमावली कधी उघडून बघितलीत का? पान एकशे बारा. वाचायची सवय ठेवा जरा, नाहीतर फुकट तोंड वाजवत फिराल." आणि चालत्या झाल्या.

अपमान गिळून पान उघडलं. तातडीची गरज असेल तर अधीक्षकांना तासांवर नर्स नेमता येते. सरळ लिहिलंय. बाईंच्या रागाचा उपयोग झाला म्हणायचा. साहेबांना पान दाखवलं, तर म्हणाले, बघू, तपासणी होऊ दे. सतरा तारखेला तपासणी समिती येतेय.

खोलीच्या मागे मी सोमवारपासूनच लागले होते. वॉर्डाशेजारच्या कोठीत मोडक्या खाटा आणि गंजलेले स्टँड भरले होते. मामा, बारकी, वॉर्डाच्या आया मावशी आणि मी, ड्युटी संपल्यावर तीन दिवस उपसत होतो. ह्यांनी येऊन आतून कडी बसवली. बारकी आत गेली आणि कडी लावून बघितली. उघडली, पुन्हा लावली. असं तीनदा केलं. मी बाहेर उभी राहून ऐकत होते.

लेथवाले काका वॉकर धरून चार पावलं टाकतात. कोठीचं दार कुरकुरतं म्हणून त्यांनी बिजागरी कशी घासायची ते ह्यांना वीस मिनिटं ओरडून सांगितलं.

मंगळवार, १६ एप्रिल

साहेबांनी छापील फॉर्म दिला. 'वॉर्डात आवश्यक मनुष्यबळ उपलब्ध आहे.' खाली इनचार्ज सिस्टरची सही.

"सही केलीत की नोटीस मागे. तुमच्या सहाजणींचंही बघू नंतर."

उद्या देते म्हटलं. खरं सांगायचं तर मोह झाला. एक सही, आणि सहाजणी आत. दोन तास असाच विचार करत होते. धाकटीला विचारलं तर म्हणाली, "कागदावर माणसं पुरेशी आहेत म्हटल्यावर आम्हाला कशाला घेतील?" एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

बुधवार, १७ एप्रिल

सगळं लिहून ठेवते.

आठला वॉर्डात गेले तर मला धरून आठ सिस्टर. मी आणि बारकी सोडून सहाजणी, कडक गणवेशात. साहेब हात मागे बांधून दारात. "आज मदतीला आणल्यात," म्हणाले. पेशंटही खाटांइतकेच राहिले होते, चाळीस. गादीवरचे सगळे रात्रीत कुठे गेले ते कळेना.

दहाला समिती आली. तिघेजण. जाड चष्म्याच्या बाई प्रमुख. त्यांनी डोकी मोजली, मान डोलावली आणि फॉर्म मागितला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. फॉर्म माझ्या हातात होता, कोरा.

"सही राहिलीय सिस्टर."

"राहिली नाही साहेब. केली नाही."

मी बाईंकडे वळले. "मॅडम, यातल्या सहाजणी म्हणजे शेजारच्या महिला वॉर्डाच्या तिन्ही पाळ्यांच्या सिस्टर. आता तिकडे कोण आहे ते बघायला चला. चाळीस पावलं आहेत."

साहेब म्हणाले, "सिस्टर, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"आज आहे साहेब."

बाई चालू लागल्या. आम्ही मागे. महिला वॉर्डात पन्नासच्या वर बायका. आमचे गादीवरचे पेशंट तिकडच्या वऱ्हांड्यात ओळीने निजवलेले. सिस्टर एकही नाही. एक आजी सुनेच्या सलाइनची रिकामी बाटली हातात धरून दारात उभी होती, नळीत रक्त चढायला लागलं होतं. म्हणाली, "पाऊण तास झाला हो, कुणाला सांगू?" चष्म्याच्या बाईंनी स्वतः नळी बंद केली.

मग मेट्रननी पिशवीतून एक गठ्ठा काढला. माझे रोजचे रिपोर्ट, ऑफच्या दिवशी जाऊन लिहिलेले धरून अडतीस. वेळ घातलेले, सही केलेले, तारखेप्रमाणे लावून शिवलेले. वर त्यांनी प्रत्येकावर 'पाहिले' लिहून स्वतःची सही आणि आवक क्रमांक टाकला होता. "हे कार्यालयात रीतसर नोंदलेलं आहे मॅडम," एवढंच म्हणाल्या.

ह्या बाईचं मला कळत नाही. स्वतःवर येऊ नये म्हणून दिलं असणार. वारा बघून पाठ फिरवणारी माणसं असतात. पण शिवण फार सुबक होती, एवढं मान्य करायला हवं.

शुक्रवार, २६ एप्रिल

दोन कागद एकाच दिवशी आले.

पहिला समितीचा. पान एकशे बाराप्रमाणे तासांवर सिस्टर ताबडतोब नेमा, अकरा पदांची भरती दोन महिन्यांत करा, तोवर चाळीसच्या वर पेशंट आले तर वाढीव माणसं द्यायची जबाबदारी अधीक्षकांची. काकांच्या बायकोचा अर्ज जोडपत्र क्रमांक एक.

दुसरा साहेबांचा. शिस्तभंगाबद्दल मला इनचार्ज पदावरून दूर करण्यात येत आहे. आजपासून साधी स्टाफ सिस्टर. टेबलामागची खुर्ची सोडा.

सगळ्या वॉर्डाला वाईट वाटलं. मामा तर साहेबांच्या नावाने बोटं मोडत होते. मला आधी राग आला, मग हसू. टेबलाच्या खणात माझा स्वतःचाच अर्ज होता, ड्युटी लावायच्या कामातून मला मोकळं करा म्हणून. केकवालीकडून आले त्या रविवारपासून लिहून ठेवला होता, द्यायचा धीर होत नव्हता. साहेबांनी शिक्षा म्हणून तेच दिलं. टाकला फाडून.

मुळात मला गावाबाहेरच्या औषध गोदामात पाठवायचा बेत होता म्हणे. मेट्रननी शेरा मारून परत केला: 'ही कर्मचारी कुठेही गेली तरी डोकेदुखीच ठरेल. आहे तिथेच नजरेखाली ठेवावी.' माझ्याबद्दल त्यांचं मत काही बदललं नाही.

नवी इनचार्ज दुपारच्या पाळीतली मवाळ सिस्टर. तिने आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. जरा काळजीच आहे.

सोमवार, ६ मे

आज सकाळी नवी इनचार्ज सोडून आम्ही पाचजणी. मी, बारकी, धाकटी, केकवाली आणि खिडकीतली. बाकीच्या तिघी दुपारी. पेशंट बावन्न. भिंतीवर महिनाभराचा ड्युटीचा तक्ता, सगळ्यांनी बसून केलेला. माझ्या नावासमोर चार रविवार ऑफ. इतके ऑफ मी स्वतःला कधी लावले नव्हते.

ट्रॉली माझ्याकडे. नऊ वर्षांनी मी राउंडला फक्त सुया मोजत फिरले. कंबर दुखली. केकवालीचा हात अजून तसाच आहे, पहिल्या टोचणीत शीर. मी म्हणाले, "छान." ती दचकली, पण आधीच्या मानाने कमी.

अकराला साहेब आले. सगळ्यांकडे बघितलं आणि मवाळ सिस्टरला म्हणाले, "वर स्पेशल खोलीत ओळखीचा पेशंट आलाय. दोघींना वर पाठवा, दिवसभरासाठी. तुमच्याकडे आता भरपूर आहेत."

माझं तोंड उघडलंच होतं. पण त्याआधी धाकटी म्हणाली, "नाही साहेब." सलाइन लावता लावता, मान वर न करता. "बावन्न पेशंट आहेत. पाचजणी आहोत, त्याही कमीच आहेत."

"तुम्हाला विचारलं नाही."

"मलाही नका विचारू," बारकी म्हणाली. आवाज चिरकला तिचा, पण म्हणाली. "मी इथून हलणार नाही."

साहेब मवाळ सिस्टरकडे वळले. तिचे कान लाल झाले होते. टेबलाची कड घट्ट धरून म्हणाली, "साहेब, एकही देता येणार नाही. स्पेशल खोलीसाठी वेगळी माणसं मागवा. मी मागणीपत्र लिहून देते."

एवढं लांब वाक्य तिने आजवर साहेबांसमोर उच्चारलं नसेल. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जणू हे सगळं मीच शिकवलंय. मी खरंच काही केलं नव्हतं, हातात सुया होत्या. ते गेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकवीस नंबरला बेडपॅन हवं होतं, केकवाली घेऊन गेली.

दीडला कडीच्या खोलीत जेवायला बसलो, आधी मी, धाकटी आणि बारकी. ड्युटीत बसून जेवायची मला सवय नाही, घास घाईघाईने जात होते. धाकटी म्हणाली, "सावकाश. कुणी मागे लागलेलं नाही."

मग तिने यादी काढली. चौदातल्या आठ उरल्यात. महिला वॉर्डात अजून पाळीला दोनच सिस्टर आहेत, त्यांच्यासाठी माणसं आणायला हवीत. या रविवारी पुन्हा घरं करायची ठरलं. मी म्हटलं, मीही येते.

"या. पण बोलणार आम्ही."

"मग मी काय करू?"

"दारात उभ्या राहा," धाकटी म्हणाली. "इथे आता तुमचं काही चालत नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे."

बारकीने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. मग मीच हसले, तेव्हा तिने सोडला.

हो म्हटलं मी. रविवारी माझा ऑफ आहे. आणि तो रद्द करायचा अधिकार आता माझ्याकडे नाही.